फी शिकवण्याची असते, मैदानावरच्या मिनिटांची नाही

मागच्या व्हिडिओत कमी भांडवलात सुरू होणारे क्लासेस सांगताना मी मुलांच्या बास्केटबॉल बॅचचं नुसतं नाव घेतलं आणि पुढे सरकलो. भाड्याचं कोर्ट, एक कोच, दहा-बारा बॉल, झाला धंदा सुरू, असं तुम्हाला वाटलं असेल. तेवढंच असतं तर माझी पहिली बॅच मोडली नसती.

माझं स्पोर्ट्सच्या सामानाचं दुकान आहे हे तुम्हाला माहीतच आहे. सहा वर्षांपूर्वी मी एका शाळेचं सिमेंटचं कोर्ट संध्याकाळी दोन तास भाड्यानं घेतलं. कोच चांगले मिळाले, स्वतः विद्यापीठाकडून खेळलेले. पहिल्याच महिन्यात २६ मुलं आली. बीबीएला शिकलेलं सगळं केलं: पॅम्प्लेट, ओळखीनं आलेल्याला सवलत, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. फक्त कोणाकडून काय अपेक्षा आहे, ते कोणालाच सांगितलं नाही.

चार महिन्यांनी पहिली स्पर्धा होती. एक पालक माझ्या दुकानाचं मोठं गिऱ्हाईक, टीमच्या बाराही जर्सी त्यांनीच दिलेल्या. दुसऱ्या क्वार्टरला त्यांचा मुलगा बेंचवर बसलेला. ते माझ्याजवळ आले. "काय ओ भाऊ, आमचं पोरगं काय टॉवेल धरायला आणलंय का?" मी सरळ कोचकडे गेलो आणि कानात म्हणालो, "सर, त्याला पाच मिनिटं घ्या ना, प्लीज." सरांनी घेतलं. त्याच्यासाठी जो मुलगा बाहेर आला तो चांगला खेळत होता. त्याचे वडील रिक्षा चालवतात, तेही तिथेच उभे होते. त्यांनी काहीच विचारलं नाही. पुढच्या महिन्यापासून तो मुलगा आला नाही.

सामना संपल्यावर सर एवढंच म्हणाले, "यापुढे टीम तुम्हीच काढा." महिनाअखेरीला ते गेले, त्यांच्या मागोमाग ९ मुलं गेली. आणि जर्सीवाल्या साहेबांच्या मुलाला तर आम्ही दोघांनीही विचारलं नव्हतं. त्याच्या पोटरीत गोळा आला होता, म्हणून सरांनीच त्याला बसवलं होतं!

पालकांमुळे बॅच मोडली, असं मी वर्षभर सांगत फिरलो. पालकांचं काय चुकलं? त्यांना वाटलं, फी भरली म्हणजे मुलगा खेळणार. तसं नसतं, हे सांगायचं काम माझं होतं.

आता हिशोब बघा. पूर्ण सामना १० मिनिटांच्या ४ क्वार्टरचा, म्हणजे ४० मिनिटं. एका वेळी कोर्टवर ५ जण. एकूण झाली २०० मिनिटं. टीममध्ये १२ मुलं असतात. अगदी काटेकोर समान वाटप केलं तरी एकाच्या वाट्याला १७ मिनिटंही येत नाहीत. म्हणजे प्रत्येक मूल अर्ध्याहून जास्त वेळ बाहेर बसणारच, कोच कोणीही असो. हा हिशोब मी आता अ‍ॅडमिशनच्या दिवशी पालकांसमोर कागदावर मांडतो. निम्मी भांडणं तिथेच संपतात.

त्याच कागदावर पुढचं लिहिलेलं असतं. १२ वर्षांखालच्या बॅचमध्ये प्रॅक्टिसला येणाऱ्या प्रत्येकाला प्रत्येक सामन्यात उतरवणार, मग हरलो तरी चालेल. मोठ्यांच्या टीममध्ये तशी खात्री नाही, तिथे हजेरी आणि खेळ बघून कोच ठरवणार. तक्रार असेल तर सामन्यानंतर २४ तासांनी बोलायचं. अमेरिकेत मुलांच्या टीममध्ये हा नियम बऱ्याच ठिकाणी पाळतात आणि मला तो फार आवडला, कारण दुसऱ्या दिवशी निम्मे फोन येतच नाहीत. दुसऱ्याच्या मुलाबद्दल तक्रार ऐकणार नाही. बाहेरून टाळ्या वाजवा, नावं घ्या, पण "शूट कर, शूट कर" ओरडायचं नाही. कोचनं पास द्यायला सांगितलेलं असतं आणि पप्पा शूट म्हणतात, पोरानं करायचं काय?

मुलांसाठी कागद लहान आहे. वेळेवर यायचं, येणार नसाल तर स्वतः सांगायचं, आईकडून मेसेज नको. बेंचवरही लक्ष खेळाकडे. दुखत असेल तर लपवायचं नाही.

आता तुमचं, म्हणजे मालकाचं. टीम निवडण्यात तोंड घालायचं नाही, हे कोचना लिहून द्या. मी दिलंय. पगार ठरलेल्या तारखेला. बदल्यात कोचनं मुलांना सर्वांसमोर अपमान होईल असं बोलायचं नाही, हात उचलायचा नाही, आणि कुठल्याही मुलाला किंवा मुलीला एकट्याला थांबवून प्रॅक्टिस घ्यायची नाही. यात "आपलेच सर आहेत" चालत नाही.

बॅनरवर काय लिहिता तेही बघा. 'एनबीएचं स्वप्न' वगैरे छापणारे मी पाहिलेत. २०१५ मध्ये डॅलस मॅव्हरिक्सनं पंजाबच्या सतनाम सिंगला ड्राफ्टमध्ये निवडलं, भारतात जन्मलेला असा तो पहिलाच. त्यालासुद्धा एनबीएच्या नियमित हंगामातला एकही सामना खेळायला मिळाला नाही. दहावीच्या क्रीडा गुणांचं आणि सरकारी नोकरीतल्या ५ टक्के खेळाडू आरक्षणाचंही तसंच: आहेत, पण त्यांच्या अटी आहेत. ते तुमच्या फीच्या पावतीवर येत नाहीत.

दुकानदार म्हणून एक गोष्ट मध्येच सांगतो. आठ वर्षांच्या मुलाला ७ नंबरचा बॉल मागू नका. "मोठा झाल्यावर पण चालेल," असं म्हणून लोक बुटासारखा वाढत्या मापाचा बॉल घेतात. लहानांचा बॉल ५ नंबरचा आणि त्यांच्या मिनी बास्केटबॉलची रिंगसुद्धा ३.०५ मीटरऐवजी २.६० मीटरवर असते. ७ नंबरचा बॉल महाग असतो, माझा फायदाच आहे, तरी मी देत नाही.

पावसाळ्याचं गणित मला अजून जमलेलं नाही. जुलैत सिमेंटचं कोर्ट ओलं, मुलं घसरतात, बॅच बंद ठेवावी लागते. पालक म्हणतात फी कशाची? सर म्हणतात पगार? यंदा मी फी अर्धी घेतली आणि पगार पूर्ण दिला, फरक खिशातून गेला. पुढच्या जूनमध्ये कागदावर पावसाळ्याची वेगळी ओळ घालणार आहे. तुमची बॅच आधी सुरू होत असेल, तर तुम्ही पहिल्याच दिवशी घाला.