शहराची ओसरी

युरोपच्या प्रवासाविषयी मराठीत जे लिहिले जाते, त्यात पाऊस बहुधा खलनायक असतो. ‘आमच्या दुर्दैवाने त्या दिवशी पाऊस लागला’ असे एक वाक्य येते, मागोमाग तिथे विकत घ्याव्या लागलेल्या छत्रीच्या किमतीचा रुपयांत हिशेब, आणि पुढच्या परिच्छेदात ऊन पडलेले दुसरे शहर. ज्या भाषेत आषाढ-श्रावणावर इतके लिहिले गेले, तिला परक्या गावातला पाऊस मात्र वाया गेलेला दिवस वाटावा, याची मला नेहमी गंमत वाटत आली आहे. कारण अर्थात उघड आहे. सहलीचे पैसे आपण उन्हाच्या भावाने भरलेले असतात. माहितीपत्रकातल्या एकाही छायाचित्रात आकाश करडे नसते.

माझे मत असे की अनोळखी शहर पाहायचे तर ते पावसात आणि पायी पाहावे. यात भिजण्याची हौस अजिबात नाही. ओले मोजे ही कोणत्याही संस्कृतीत दुःखाचीच गोष्ट आहे. मुद्दा वेगळा आहे. ऊन असले की बहुतेक जुनी शहरे सारखीच देखणी दिसतात. पाऊस लागला की शहराचा पायी चालणाऱ्याशी असलेला व्यवहार उघडा पडतो. छपरावरचे पाणी रस्त्यावर येते की नळीतून खाली जाते? फुटपाथ मध्येच संपतो का? काहीही विकत न घेता, कोणाची परवानगी न मागता, दहा मिनिटे कोरडे उभे राहता येईल अशी जागा आहे का? हा शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. खिशात पैसे असलेल्याला पावसात आसरा कुठेही मिळतो, एक कॉफी मागवली की झाले. ज्याला कॉफी नको आहे किंवा परवडत नाही, त्याचे काय, यावरून त्या गावाची नियत कळते.

या परीक्षेत मी पाहिलेल्या शहरांपैकी इटलीतले बोलोन्या सहज पहिले आले. नोव्हेंबरचा दिवस होता आणि पाऊस सकाळपासून एकसुरी, न थांबणारा. स्टेशनवरून निघून संध्याकाळपर्यंत मी गावभर चाललो, आणि छत्री उघडावी लागली ती रस्ते ओलांडताना किंवा चौकात. याचे श्रेय पोर्तिकोंना. पोर्तिको म्हणजे घरांच्या तळमजल्याशी, रस्त्याच्या कडेने धावणारी कमानदार ओसरी. वर घराच्या खोल्या, खाली खांब, आणि खांबांच्या आतून जाणारी वाट सर्वांची. अशा ओसऱ्या इतर गावांतही आहेत, पण बोलोन्यात त्यांची एकूण लांबी सुमारे ६२ किलोमीटर भरते. २०२१ साली युनेस्कोने त्यांतल्या निवडक भागांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

या ओसऱ्यांचा इतिहास मला त्यांच्या सौंदर्याइतकाच वाचनीय वाटतो, कारण त्याची सुरुवात सरळसरळ अतिक्रमणाने होते. इथले विद्यापीठ आपली स्थापना १०८८ ची मानते. विद्यार्थी येत राहिले, व्यापार वाढला, तटबंदीच्या आत जागा पुरेना. मग लोकांनी वरचे मजले तुळयांवर पुढे रस्त्यावर काढले. तुळया लांबल्या तसे त्यांना खालून लाकडी खांबांचे टेकू दिले. म्हणजे खोली खाजगी आणि तिच्याखालची जमीन सार्वजनिक. असे बांधकाम पाडावे की डोळ्यांआड करावे, हा प्रश्न आपल्या कोणत्याही नगरपालिकेला तोंडपाठ आहे. बोलोन्याच्या नगरसभेने १२८८ च्या कायद्यात तिसराच मार्ग काढला. नव्या प्रत्येक घराला पोर्तिको असलाच पाहिजे आणि जिथे नाही तिथे तो घालावा असे ठरले. वरची जागा मालकाची, खालची वाट लोकांची, आणि तिची निगा व दुरुस्ती मात्र मालकाने करायची. उंचीही ठरलेली होती, कमीतकमी सात बोलोन्यी फूट, म्हणजे आजच्या मापाने साधारण २.६६ मीटर. घोडेस्वाराला खालून जाता यावे, हा हिशेब.

आपल्याकडे भटाला ओसरी दिली की तो हातपाय पसरतो. बोलोन्यात भटाने हातपाय आधी पसरले, आणि नगरसभेने त्याच्याकडून ओसरी वसूल केली.

हा सौदा मला असामान्य शहाणपणाचा वाटतो. अतिक्रमण नियमित करण्याचे ठराव आपणही दर काही वर्षांनी करतो, पण त्याच्या बदल्यात रस्त्यावरच्या माणसाला काय मिळाले, हा प्रश्न त्या ठरावांत क्वचितच असतो. दंड भरला जातो आणि रस्ता अरुंद तो अरुंदच राहतो. बोलोन्याच्या कायद्याने दंड पैशांत घेण्याऐवजी सावलीत घेतला, आणि तो सातशेहून अधिक वर्षे वसूल होत आहे.

मुंबईच्या फोर्ट भागात हीच कल्पना आपल्याला भेटते. जुन्या हॉर्नबी रोडच्या, म्हणजे आजच्या दादाभाई नौरोजी मार्गाच्या कडेच्या इमारतींना तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानी ठेवण्याचा नियम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाला, आणि जुलैच्या धुवाधार पावसात त्या कमानींचे मोल तिथल्या चाकरमान्यांना विचारावे. फेरीवाल्यांतून वाट काढावी लागते हे खरे. पण वाट असते. पुढे मुंबई उत्तरेकडे वाढत गेली, तिच्याबरोबर ही ओसरी काही गेली नाही. आजच्या टोलेजंग इमारतींच्या पायथ्याशी मोटारींसाठी पाचपाच मजले असतात, माणसाला पाऊस टळावा म्हणून पाच फुटांचे छपर नसते.

असो. पावसाने बोलोन्यातली नामांकित ‘स्थळे’ जवळजवळ काढूनच घेतली, आणि त्याने माझे काही बिघडले नाही. सान पेत्रोनिओच्या प्रचंड चर्चमध्ये जमिनीवर जवळपास ६७ मीटर लांबीची एक तिरपी रेघ आहे. ज्योतिर्विद कास्सिनीने १६५५ साली ती आखली. छतातल्या लहानशा भोकातून सूर्यबिंब खाली पडते आणि माध्यान्ही ते या रेघेवरून सरकते. त्या बिंबाचे माप वर्षभर घेऊन कास्सिनीने केप्लरच्या सिद्धांताला बळकटी दिली. चर्चच्याच इमारतीत हे घडले, ही गोष्ट मजेची आहे. पावसाच्या दिवशी ती नुसती रेघ असते. अंधारलेल्या फरशीवर पितळी पट्टी तेवढी दिसते, आणि तिच्याभोवती ओल्या बुटांचे ठसे. एक शाळकरी मुलगा तिच्यावरून तोल सावरत, सर्कशीतल्या दोरीवर चालावे तसा चालत होता. मला ते दृश्य सूर्यबिंबापेक्षा कमी प्रतीचे वाटले नाही.

दोन मनोऱ्यांची तऱ्हा निराळीच. आसिनेल्लीचा मनोरा ९७ मीटर उंच, शेजारची गारिसेन्दा ४८ मीटर आणि बघवणार नाही इतकी कललेली. चौदाव्या शतकात भीतीपोटी तिचा वरचा भाग उतरवला, तरी कल राहिलाच. दान्तेने ‘इन्फेर्नो’त खाली वाकणाऱ्या राक्षसाला हिचीच उपमा दिली आहे: वरून ढग सरकताना कलत्या बाजूने वर पाहिले की मनोराच अंगावर येतोसा वाटतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये धोका वाढल्याचे लक्षात आल्यावर पायथ्याचा परिसर बंद करावा लागला. तेव्हा दान्तेच्या जागी उभे राहून वर पाहण्याचा प्रश्नच नव्हता. ढग मात्र त्या दिवशी भरपूर होते.

स्थळे गेली की नजर खाली येते आणि शहर सुरू होते. एका घराच्या ओसरीतली फरशी गुळगुळीत तांबूस, पुढच्या घराची करड्या ठिपक्यांची, त्यापुढची उखडलेली. मालक बदलला की पायाखाली लगेच कळते. स्त्रादा माज्जोरेवर काझा इझोलानीचे तेराव्या शतकातले ओकचे उंच खांब अजून उभे आहेत. लाकडी खांबांच्या जागी विटांचे किंवा दगडी खांब घालावेत असे फर्मान १५६८ साली निघाले होते, त्यातून जे थोडे निसटले त्यांतले हे. उलट टोकाला ‘व्हिया सेन्झानोमे’, म्हणजे शब्दशः ‘बिननावाची गल्ली’. तिथला पोर्तिको जेमतेम ९५ सेंटिमीटर रुंद आहे. समोरून माणूस आला की कोणी तरी एकाने पावसात उतरायचे. माझ्या समोरून एक आजीबाई आल्या, हातात भाजीची पिशवी. मी उतरलो. त्यांनी मान हलवली, पण ती आभाराची वाटली नाही. तो जणू नियमच होता आणि तो मला ठाऊक असल्याची त्यांनी नोंद घेतली.

या गावाचे पावसाशी नाते जुने आहे. १४३३ च्या उन्हाळ्यात पाऊस थांबेना, पिके कुजायची वेळ आली, तेव्हा टेकडीवरची सान लुकाची मादोन्ना मिरवणुकीने गावात आणली आणि पाऊस उघडला, अशी इथली श्रद्धा आहे. तेव्हापासून दरवर्षी मूर्ती, खरे तर चित्र, खाली येते. पुढे त्या मिरवणुकीला पाऊस लागू नये म्हणून टेकडीपर्यंत पोर्तिको बांधायला घेतला. काम १६७४ साली सुरू झाले. १६७७ मध्ये तर गावकऱ्यांनी रांग धरून हातोहात सामान वर पोचवले. जवळजवळ ३.८ किलोमीटर लांब, ६६६ कमानी. आपल्याकडे वारकरी पावसातच चालतो आणि देवही त्याला चालतो. इथे देवीसाठी एका डोंगराला छपर घातले. कोणती भक्ती मोठी हे मी सांगणार नाही, पण पावसात चालणाऱ्याची सोय कोणी केली ते उघड आहे.

हे सारे वाचून बोलोन्या म्हणजे स्वर्ग असा समज होऊ नये. विद्यापीठाच्या बाजूच्या ओसऱ्यांत रात्री पुठ्ठे अंथरून माणसे झोपलेली दिसतात, आणि ओसरी हे घर नव्हे, हे त्यांना कोणी सांगायला नको. गर्दीच्या भागात खाणावळींच्या खुर्च्या खांबांपर्यंत सरकल्या आहेत. पाऊस आला की तिथे ‘काही न घेता उभे राहणे’ अवघड होते. १२८८ च्या कायद्याने मिळवलेली वाट अशी खुर्चीखुर्चीने परत चालली असेल, तर युनेस्कोचा शिक्का तिच्या कामाचा नाही. तो शिक्काच गर्दी आणतो, आणि त्या गर्दीत मीही होतो.

याहून गंभीर बाब पायाखाली आहे. बोलोन्या एके काळी कालव्यांचे शहर होते. रेनो आणि सावेना नद्यांचे पाणी बांध घालून गावात आणले होते, त्यावर रेशमाच्या गिरण्या चालत. विसाव्या शतकात बहुतेक कालवे बुजवून किंवा झाकून त्यांवर रस्ते केले. व्हिया पिएल्लातल्या एका भिंतीत लहानशी खिडकी आहे. ती उघडली की घरांच्या पाठींमधून वाहणारे पाणी दिसते. तिच्यापुढे छायाचित्रे काढणाऱ्यांची रांग असते. व्हेनिससारखे दिसते म्हणून लोक खूश होतात. मला तिथे अस्वस्थ वाटले. ज्या शहराने माणसाच्या डोक्यावर इतक्या प्रेमाने छपर घातले, त्यानेच पाण्याच्या डोक्यावर झाकण घातले आहे. १९ ऑक्टोबर २०२४ च्या रात्री टेकड्यांवर काही तासांत अतोनात पाऊस झाला आणि गावाखालून बंदिस्त वाहणारा रावोने ओढा झाकण फोडून व्हिया साफ्फीच्या वस्तीत शिरला. मे २०२३ मध्येही त्याने हेच केले होते. या खेपेस शहराच्या दक्षिणेला पियानोरोत एका तरुणाचा जीव गेला. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढा घरांत शिरलेला ज्यांनी पाहिला, त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

तेराव्या शतकातल्या नगरसभेला जे सुचले, ते पाण्याच्या बाबतीत विसाव्या शतकातल्या अभियंत्यांना का सुचू नये? रस्त्यावरून चालणाऱ्याचा वाटेवर हक्क आहे आणि मालकाने त्याची तजवीज ठेवावी, असे म्हणता येते, तर ओढ्याचाही त्याच्या वाटेवर हक्क आहे असे म्हणायला हरकत नव्हती. तिथले लोक आता ही चर्चा करताहेत. ती महाग पडणार आहे, कारण झाकणावर आता घरे आणि मोटारी आहेत.

पाऊस असताना बोलोन्यात गेलात तर सान लुकाला वर नेणारी पर्यटकांची छोटी गाडी टाळावी. मेलोन्चेल्लोच्या कमानीपर्यंत वाट सपाट आहे, तिथून चढ लागतो, चांगला दम काढणारा. कमानींच्या उघड्या बाजूने खालचे लाल गाव दिसत राहते, धुक्यात अर्धे. वाटेत पळणारे, कुत्री फिरवणारे, नवस बोललेले, सगळेच असतात. शेवटच्या चढावर भिंतीला टेकून एक गृहस्थ केळे सोलत बसले होते, माझ्याकडे पाहून त्यांनी अर्धे पुढे केले. पाऊस संध्याकाळपर्यंत थांबला नाही.