मासा बोटाएवढा, मग टाकी केवढी?

हल्ली बीड, अंबाजोगाई, परळी अशा गावांतूनही रंगीत माशांची दुकाने दिसू लागली आहेत. त्या दुकानात एक मासा हमखास असतो. निळा, लाल, जांभळा, आणि शेपटी साडीच्या पदरासारखी पसरलेली. त्याला 'फायटर' म्हणतात. पुस्तकी नाव बेट्टा. इतर मासे मोठ्या टाकीत घोळक्याने फिरत असतात आणि हा मात्र एकटाच लहानशा बाटलीत उभा असतो. मुले त्याच्यापुढून हलत नाहीत. आई-वडील विचारतात, "याला ठेवायचे कशात?" उत्तर मिळते, "काही लागत नाही, काचेचा एक बाऊल पुरे." मासा स्वस्त, बाऊल स्वस्त, जागा कमी आणि लेकरू खूश. अशा रीतीने मासा घरी येतो आणि पुष्कळदा महिना-दोन महिन्यांत मरतो. लेकरू रडते. घरातली मोठी माणसे म्हणतात, "आपल्याला मासे लाभत नाहीत." वाचकहो, लाभण्या-न लाभण्याचा येथे काहीही संबंध नाही. हा साधा पाण्याचा हिशेब आहे आणि तोच आज आम्ही मांडणार आहोत.

बाऊल पुरतो असे सांगणाऱ्यांकडे एक कारण असते. हा मासा मूळचा थायलंडचा, म्हणजे पूर्वीच्या सयामचा. त्या देशाने २०१९ साली त्याला आपला राष्ट्रीय जलचर म्हणून जाहीर केले. तेथे तो भाताच्या खाचरांत, ओढ्या-डबक्यांत राहतो. कल्ल्यांबरोबरच त्याच्या डोक्यात एक जादा इंद्रिय असते. त्याच्या साहाय्याने तो पाण्यावर तोंड काढून हवेतला श्वास घेतो. म्हणून जेथे दुसरा मासा गुदमरून मरेल तेथे हा तग धरतो. हे सर्व खरे आहे. पण भाताच्या खाचरात पाणी वीतभर खोल असले तरी ते दूरवर पसरलेले असते, हे कोणी सांगत नाही.

आपल्याकडचा मरळ मासाही असाच हवेतला श्वास घेतो. बाजारात तो पाटीत, बादलीत तासन्‌तास जिवंत राहतो. म्हणून बादली हे मरळीचे घर आहे असे आपण म्हणत नाही. आपल्यापैकी पुष्कळांनी दहा बाय दहाच्या खोलीत सहा-सात माणसांचा संसार केला आहे. त्यावरून कोणी म्हणाले, की या लोकांना एवढीच जागा पुरते, तर ते आपल्याला पटेल काय? तग धरणे वेगळे आणि नीट राहणे वेगळे.

आता लहान भांड्यात मासा का मरतो ते पाहू. मासा खातो आणि त्याच पाण्यात घाण करतो. त्या घाणीतून आणि उरलेल्या दाण्यांतून अमोनिया तयार होतो. तो माशाला विषारी असतो, कल्ले जाळतो. पाणी दिसायला स्वच्छ असले तरी विष त्यात असू शकते. बाऊलमध्ये पाणी २ लिटर आणि टाकीत १७ लिटर असेल, तर तेवढीच घाण बाऊलमध्ये आठ पटींहून अधिक दाट होते. शिवाय या माशाला २४ ते २८ अंश उष्णतेचे पाणी मानवते. आपल्या पत्र्याच्या घरात उन्हाळ्यात दुपारी काय होते आणि पौषातल्या पहाटे काय होते, ते वेगळे सांगायला नको. थोडे पाणी लवकर तापते आणि लवकर गार पडते. जास्त पाण्यात हा चढउतार सावकाश होतो, मासा तो सोसू शकतो.

यावर आमच्या भगिनी म्हणतील, "आमच्याकडे प्यायला पाणी नाही आणि तुम्ही माशाला १७ लिटर सांगता!" प्रश्न रास्त आहे. बीड जिल्ह्याने १९७२ चा दुष्काळ पाहिला आणि २०१६ चाही भोगला. टँकरमागे हंडे घेऊन धावलेल्या माणसांना पाण्याची किंमत शिकवायला नको. म्हणूनच हा हिशेब नीट पाहा. २ लिटरच्या बाऊलचे पाणी निदान एक दिवसाआड पूर्ण बदलावे लागते. म्हणजे आठवड्याला सुमारे ७ लिटर. १७ लिटरच्या टाकीत स्पंजचा फिल्टर असेल तर त्यात उपयोगी जिवाणू वाढतात आणि ते अमोनियाचे रूपांतर कमी घातक पदार्थात करतात. मग आठवड्यातून एकदा चौथा हिस्सा, म्हणजे ४ लिटरच्या आसपास पाणी बदलले की भागते. टाकी मोठी, पण पाणी कमी. ते काढलेले पाणीही वाया जात नाही. कढीपत्त्याला, जास्वंदीला घाला, झाडे जोमाने वाढतात.

तेव्हा टाकी घ्यायची ती २० लिटरच्या आसपासची. पिण्याच्या पाण्याचा जार आता सर्वांच्या ओळखीचा आहे, तेवढे पाणी मावेल अशी. १२ इंच लांब, १० इंच रुंद आणि १० इंच उंच टाकी पुरते. ती काठोकाठ भरू नये. वर दीड इंच जागा सोडावी, कारण माशाला वर येऊन श्वास घ्यायचा असतो. अशी भरल्यावर पाणी साधारण १७ लिटर होते. उंच आणि अरुंद टाकी घेऊ नये. लांब पदराचे ओझे घेऊन त्याला दर वेळी वर चढावे लागते. जुनी टाकी मिळाली तर सेंटिमीटरमध्ये लांबी, रुंदी आणि उंची मोजून त्यांचा गुणाकार करा व हजाराने भागा, लिटर निघतात. हे गणित घरातल्या पाचवी-सहावीच्या मुलाकडूनच करून घ्यावे.

भरलेल्या टाकीचे वजन काचेसह वीस किलोंच्या पुढे जाते. ती फळीवर नको, मजबूत टेबलावर ठेवा; खिडकीच्या उन्हात आणि पत्र्याला लागून नको. वर झाकण हवे, कारण हा मासा उडी मारतो; मात्र झाकणाला हवा जायला फटी असाव्यात. तो खोलीतलीच हवा घेतो, म्हणून डासांचा फवारा टाकीजवळ मारू नये. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. ते बादलीत २४ तास उघडे ठेवून, डास बसू नयेत म्हणून वर पातळ फडके बांधून, मगच वापरावे. किंवा दुकानात मिळणारे क्लोरीन घालवण्याचे औषध मापाने घालावे. स्पंज नळाखाली धुऊ नये, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा. नाहीतर जिवाणू मरतात. पहिला महिना-दीड महिना हे जिवाणू पुरेसे वाढलेले नसतात. तोवर खायला बेताने घाला आणि चौथा हिस्सा पाणी आठवड्यातून दोनदा बदला. आणि टाकी मोठी आहे म्हणून दुसरा नर आणू नका. दोन नर एकमेकांना फाडतात. 'फायटर' हे नाव उगाच पडलेले नाही.

कोणी म्हणेल, एवढ्याशा जिवासाठी एवढा खटाटोप कशाला? आपल्या देशाचा १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा सांगतो, की प्राण्याला हालचालीस पुरेशी जागा नसलेल्या पिंजऱ्यात किंवा भांड्यात कोंडणे हा गुन्हा आहे. त्या कायद्यात माणूस सोडून प्रत्येक सजीव 'प्राणी' मानला आहे. माशाला वगळलेले नाही. इटलीत मोंझा शहराने २००४ साली आणि रोम शहराने २००५ साली गोल बाऊलमध्ये मासे ठेवण्यास मनाई केली.

आमचे सांगणे एवढेच, की आधी टाकी आणा, मग मासा. टाकीचे पैसे आज नसतील तर दोन महिने साठवा आणि लेकराला थांबायला सांगा. नीट सांभाळले तर हा मासा दोन-तीन वर्षे सोबत करतो. आणि टाकी जमतच नसेल, तर मासा न आणण्यात कमीपणा नाही. लेकराला तसे सरळ सांगावे. आपल्याला सांभाळता येणार नाही तो जीव आपण घरी आणत नाही, हे त्याला समजले, तर तेही एक शिक्षणच झाले.