कायदा कळतो, कागद मिळत नाही

"कष्टकऱ्यांना कायदा कळत नाही" हे वाक्य मला आता ऐकवत नाही. कायदेविषयक शिबिरं याच वाक्याने सुरू होतात. वक्ते हक्कांची यादी वाचतात, चहा होतो, फोटो निघतो. आपल्या आईबापांचं अज्ञान हाच मूळ रोग आहे, असं समजून सगळे घरी जातात. मी चेन्नईत राहतो. इथल्या सफाई कामगारांनी ऑगस्ट 2025 मध्ये हा समज रस्त्यावर बसून खोटा पाडला.

रॉयपुरम आणि तिरू-वि-क नगर या दोन झोनची सफाई चेन्नई महापालिकेने खाजगी कंपनीकडे सोपवली. त्याविरुद्ध 1 ऑगस्टपासून कामगार रिपन बिल्डिंगसमोर, म्हणजे महापालिकेच्या दारातच बसले. बहुसंख्य दलित आणि त्यात बायका मोठ्या संख्येने. महिन्याला सुमारे 23 हजार मिळतात, कंपनीकडे गेलो तर 16 हजारांच्या आसपास येतील, असं त्या सांगत होत्या. आमचा मालक कोण? इतक्या वर्षांची नोकरी कुठे गेली? पगार असा खाली आणता येतो का? कामगार कायद्याचे पायाभूत प्रश्न हेच आहेत. ते विचारायला त्यांना कुठल्या शिबिराची गरज पडली नाही.

उत्तर काय मिळालं? पदपथावर विनापरवाना बसता येणार नाही, असं मद्रास हायकोर्टाने 13 ऑगस्टला सांगितलं आणि त्याच मध्यरात्री पोलिसांनी सगळ्यांना उचललं. 14 ऑगस्टला राज्य मंत्रिमंडळाने सफाई कामगारांसाठी कल्याणकारी योजना जाहीर केल्या. त्यात मोफत नाश्ता होता. मागितली हक्काची नोकरी, हातावर ठेवली न्याहारी. हे पेरियारांचं नाव घेणाऱ्या राज्यात घडलं. ज्या तिरू-वि-क यांचं नाव त्या झोनला दिलंय, ते 1918 च्या मद्रास लेबर युनियनचे एक आघाडीचे नेते होते.

यावर सुशिक्षितांचा ठरलेला आक्षेप असतो: हे लोक मागच्या दाराने आले, त्यांना कायम कसं करणार? आधार म्हणून सुप्रीम कोर्टाचा 2006 चा उमादेवी निकाल दाखवला जातो. नियमित निवडप्रक्रियेशिवाय लागलेल्यांना कायम होण्याचा हक्क नाही, असं तो निकाल सांगतो. पण 20 डिसेंबर 2024 च्या जग्गो प्रकरणात, म्हणजे केंद्रीय जल आयोगातल्या सफाईवाल्या बायकांच्या खटल्यात, याच कोर्टाने सांगितलं की उमादेवीची ढाल करून वर्षानुवर्षं राबणाऱ्यांना हाकलता येणार नाही. त्या बायकांना नियमित करण्याचा आदेश झाला. शहराचा कचरा रोज निघतो. काम कायमचं असेल तर कामगार तात्पुरता कसा? वरच्या पदांसाठी जाहिरात आणि परीक्षा, झाडूसाठी मात्र तोंडी बोलावणं, ही पद्धत कामगारांनी ठरवलेली नाही.

कायदा असा बाजूने असतानाही माणसं हरतात, कारण पुरावा. वर्षात 240 दिवस भरले की आपोआप कायम, असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे. तो अर्धवट आहे. 240 दिवसांमुळे मुख्यतः नोटीस आणि भरपाईशिवाय काढण्यापासून संरक्षण मिळतं. पण ते दिवस भरले हे सिद्ध कोणी करायचं? 2002 मध्ये सुप्रीम कोर्टाने हदिमनी प्रकरणात सांगितलं की कामगाराने, आणि नुसतं प्रतिज्ञापत्र पुरणार नाही. हजेरीपट मालकाच्या कपाटात आणि पुराव्याचं ओझं कामगाराच्या डोक्यावर! ज्यांना पिढ्यानपिढ्या अक्षरापासून दूर ठेवलं, त्यांच्याकडेच लेखी पुरावा मागायचा, ही जातीची जुनी चाल आहे. 2005 च्या यल्लट्टी निकालाने वाट थोडी मोकळी केली: कामगाराने स्वतः साक्ष द्यावी आणि मालकाला हजेरीपट हजर करायला लावावा.

कागदाची किंमत मुंबईने पाहिली आहे. महापालिकेच्या कचरा वाहतुकीतल्या 2,700 कंत्राटी कामगारांचा लढा कचरा वाहतूक श्रमिक संघाने चालवला. औद्योगिक न्यायाधिकरणाने 2014 मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि एप्रिल 2017 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो कायम ठेवला. तरीही अनेकांना पुढे ताटकळत राहावं लागलं, कारण यादीतलं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव यांची अक्षरं जुळत नव्हती. नाव चुकीचं लिहिलं दुसऱ्याने आणि हेलपाटे मारले कामगाराने.

म्हणून घरातल्या पहिल्या पदवीधरांनो, माझं म्हणणं तुमच्याशी आहे. आईवडिलांना कायदा समजावत बसू नका, त्यांचे कागद गोळा करा. पीएफचा यूएएन चालू करा आणि पासबुकात कोणत्या आस्थापनेचं नाव आहे ते बघा. कंत्राटदार बदलला तरी ती नोंद राहते. ईएसआयचा नंबर, बँकेतली पगाराची नोंद, ओळखपत्र, मुकादमाचे व्हॉट्सअॅप मेसेज, हजेरीच्या पानाचा फोटो, सगळं तारखेनुसार जपा. आधार, पीएफ आणि बँक यांतल्या नावाचं स्पेलिंग आजच जुळवा. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत आणि त्यांत नियुक्तीपत्र देण्याची तरतूद आहे. ते लेखी मागा, मागितल्याची पोच घ्या. वकिलाला पैसे नसतील तर 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, स्त्रिया आणि औद्योगिक कामगार यांना मोफत वकील मिळतो.

अर्थात फाईल एकट्याने जपून भागणार नाही. मुंबईचे 2,700 जण युनियन होती म्हणून टिकले. चेन्नईच्या बायका रात्री उचलल्या गेल्या तेव्हाही एकत्रच होत्या. वस्तीत एक माणूस तरी असा हवा, जो दर महिन्याला सगळ्यांचे कागद तपासेल आणि युनियनच्या बैठकीत घेऊन जाईल. आपल्याला लिहिता-वाचता येतं ते ज्यांच्या घामावर, त्यांची हजेरी निदान आपण तरी लिहून ठेवू.

जय भीम.