स्वस्त सट्ट्याचा हिशेब

‘दलाली नाही, कर नाही’ असा डांगोरा ब्रिटनमधील स्प्रेड बेटिंग कंपन्या वर्षानुवर्षे पिटीत आल्या आहेत. वायदेबाजाराचा दलाल प्रत्येक सौद्यामागे दलाली घेतो, बाजाराचे शुल्क वेगळे लावतो; येथे तसे काहीच नाही. मग या कंपन्यांचा चरितार्थ चालतो कशावर?

लंडनच्या एफटीएसई १०० निर्देशांकाचे उदाहरण घेऊ. निर्देशांक ८,००० आहे असे धरल्यास वायद्याचा एक सौदा, अंकामागे १० पौंड या दराने, ८०,००० पौंडांचा होतो. त्यावर दलालाला काही पौंड द्यावे लागतात. कंपनीकडे तेवढ्याच आकाराची पैज लावली आणि खरेदी-विक्रीच्या भावांत एका अंकाचे अंतर असले, तर १० पौंड त्या अंतरातच जातात. इथवर फरक किरकोळ आहे. खरी गोम आहे ती तेजीची पैज रात्रीमागून रात्र उघडी ठेवण्यात. कंपनी संपूर्ण ८०,००० पौंडांवर बाजारातील व्याजदराहून सामान्यतः अडीच ते तीन टक्के अधिक आकारते. तीन टक्के धरले तर हा वरचा भार दिवसाला सुमारे साडेसहा पौंड, तीन महिन्यांना ६०० पौंड होतो. वायद्याच्या भावातही व्याज असतेच. पण ते घाऊक दराचे.

तरीही लोक तिकडे जातात, कारण तेथे अंकामागे एक पौंडही लावता येतो. पावशेर साखर घेणाऱ्याला पोते उचलणाऱ्यापेक्षा चढा दर पडतो, त्यातलाच हा प्रकार.

राहता राहिली करमाफी. पैजेतील नफ्यावर भांडवली नफा कर सहसा लागत नाही, हे खरे. परंतु या पैजेचे सख्खे भावंड असलेल्या सीएफडी व्यवहारांत ७४ ते ८९ टक्के किरकोळ खाती तोट्यात जातात, असे युरोपीय नियामक संस्थेने २०१८ साली सांगितले. ज्याच्या पदरी नफाच नाही, त्याला नफ्यावरील करमाफी काय कामाची? उलट वायद्यातील तोटा अन्य भांडवली नफ्यातून वजा करता येतो. पैजेतील तोटा येत नाही. म्हणजे ही सवलत बहुसंख्यांच्या दृष्टीने सवलत नसून भुर्दंडच ठरते. या धंद्याचे एक आद्य प्रवर्तक स्टुअर्ट व्हीलर यांनी १९७४ साली आयजी इंडेक्स काढली, आणि २००१ साली हुजूर पक्षाला ५० लाख पौंडांची देणगी दिली. पैजेचा पैसा कोठे साचतो, हे यावरून उमगावे.

आपल्याकडे बाजाराबाहेर भावफरकावर चालणारी ‘डब्बा’ पैज बेकायदा आहे. पण अधिकृत बाजारातला खर्चही छोट्या माणसाला झेपणारा नाही. सेबीच्या २०२४ च्या अभ्यासानुसार मार्च २०२४ अखेरच्या तीन वर्षांत वायदे व ऑप्शनमधील ९३ टक्के वैयक्तिक सटोडियांनी पैसे गमावले. त्याच काळात या मंडळींनी व्यवहारखर्चापोटी सुमारे ५०,००० कोटी रुपये भरले, आणि त्यांतील निम्मी रक्कम दलालीची होती.