तोफा मोजता, भाकरी कोण मोजणार?

जानेवारीत संक्रांत आली की पिंपळवंडीच्या पारापासून कॉलेजच्या कट्ट्यापर्यंत वाद रंगतो: पानिपतावर भारी सैन्य कुणाचं? रील्सवाले लगेच आकड्यांचा तक्ता टाकतात. मित्रांनो, तो तक्ता अर्धाच आहे.

मराठ्यांकडे इब्राहिमखान गारद्याच्या जड तोफा आणि कवायती पायदळ. अब्दालीकडे उंटांवरची जंबुरके, हवी तिथे पळवता येणारी. इथवर जोड तोडीस तोड. पण आपल्या छावणीत लढवय्यांसोबत बायकामुलं आणि यात्रेकरूही होते. ऑक्टोबर १७६० मध्ये अब्दालीनं यमुना ओलांडली, दक्षिणेची वाट अडली. डिसेंबरात रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले. १४ जानेवारी १७६१ ला भाऊसाहेबांची फौज उपाशीपोटी रणात उतरली, तरी दुपारपर्यंत झुंजली.

म्हणून ‘आपण कमी पडलो’ असं बिनधास्त म्हणणं मला त्या माणसांवरचा अन्याय वाटतो. शौर्य कमी नव्हतं, धान्य संपलं होतं.

आपण तर शिवनेरीच्या मुलखातले. गडावर शिवजन्मस्थानापाशी फोटो काढताच. पुढच्या वेळी अंबरखान्यापाशीही थांबा. गड बांधणाऱ्यांना धान्याच्या कोठाराचं मोल ठाऊक होतं. सैन्यांची तुलना करताना आपणही पहिला प्रश्न तोच विचारूया: जेवायला काय होतं?