एकतर्फी हुकूमनामा

आमच्यांतील कांहीं सुशिक्षित मंडळींस अलीकडे एका मोहानें ग्रासलें आहे. “चीनकडे पाहा,” असें हे गृहस्थ म्हणतात, “तेथें विरोधी पक्षाचा अडथळा नाहीं, कोर्टाचे मनाईहुकूम नाहींत, म्हणूनच तेथें कारखाने उभे राहिले आणि आगगाड्या वाऱ्याच्या वेगानें धावूं लागल्या!” १९७८ नंतर चीननें कोट्यवधि लोकांस दारिद्र्यांतून वर काढिलें, हें त्याच्या शत्रूसही कबूल केलें पाहिजे. परंतु त्याचें श्रेय विरोधाच्या अभावास देणें म्हणजे प्रतिवादीस न बोलावितां हुकूमनामा करणें होय. आम्ही पुरावा तपासून पाहूं.

१९५८ सालीं माओ त्से-तुंग यांनीं ‘मोठी झेप’ पुकारली. शेतकऱ्यांच्या जमिनीच नव्हे, तर चुलीही कम्यूनच्या स्वाधीन झाल्या. परसांतील भट्ट्यांत तवे-कढया वितळवून पोलाद करण्याचा खटाटोप सुरू झाला. वरिष्ठांची मर्जी राखण्यासाठीं अंमलदारांनीं पिकांचे आंकडे फुगविले, आणि त्या फुगलेल्या आंकड्यांवर सरकारनें धान्य वसूल केलें. कागदावर कोठारें भरलीं, घरांत मडकीं रिकामीं झालीं. जुलै १९५९ मध्यें लुशान येथील बैठकीच्या वेळीं संरक्षणमंत्री पेंग देहुआई यांनीं माओंस खासगी पत्र लिहून ही चूक निदर्शनास आणिली. त्यांस बक्षीस काय मिळालें? पत्र सर्वांपुढें मांडून त्यांस पक्षद्रोही ठरविण्यांत आलें आणि त्यांचें पद गेलें! मग खरें बोलण्यास कोण धजणार? दुष्काळ १९६१ पर्यंत चालला. त्याच्या बळींचे इतिहासकारांचे अंदाज दीड कोटींपासून साडेचार कोटींपर्यंत आहेत.

आतां वैभवाचा उगम पाहूं. डिसेंबर १९७८ मध्यें आनहुई प्रांतांतील शियाओगांग गांवच्या १८ शेतकऱ्यांनीं गुप्त करार करून कम्यूनची जमीन कुटुंबवार वांटून घेतली. यापायीं कोणास तुरुंगवास झालाच, तर त्याचीं मुलें इतरांनीं सांभाळावीं, असेंही ठरलें. त्या प्रांताचे पक्षप्रमुख वान ली यांनीं ह्या पद्धतीस पाठीशीं घातलें, डेंग श्याओपिंग यांनीं पुढें तिला मान्यता दिली, आणि कालचा गुन्हा आजचें धोरण झाला. परंतु ह्याच आनहुईंत १९६१ सालीं असाच प्रयोग झाला होता, व माओंच्या नाराजीमुळें १९६२ सालीं तो मोडण्यांत आला! जमीन तीच, शेतकरी तेच, युक्ति तीच. बदलली ती फक्त सत्ताधीशाची मर्जी. शेतकऱ्याची अक्कल मर्जीची वाट पाहत सोळा वर्षें ताटकळली.

ही जुनी कथा म्हणावी, तर तसेंही नाहीं. राष्ट्राध्यक्षपदावरील दोन मुदतींची मर्यादा मार्च २०१८ मध्यें घटनेंतून काढून टाकण्यांत आली. जून २०२३ मध्यें शहरांतील तरुणांच्या बेकारीचें प्रमाण २१.३ टक्क्यांवर गेलें, तेव्हां ऑगस्टांत तो आंकडा प्रसिद्ध करणेंच थांबविण्यांत आलें. जानेवारी २०२४ मध्यें तो पुन्हां दिसला, तो मोजण्याची पद्धत बदलून. ताप उतरत नाहीं म्हणून उष्णतामापक लपवावें, असा हा प्रकार आहे.

आमच्या विधिमंडळांतील गोंधळाचें आम्हांस कौतुक नाहीं. तथापि १९७२ च्या दुष्काळांत विरोधकांच्या मोर्च्यांनीं आणि वर्तमानपत्रांच्या ओरड्यानें महाराष्ट्र सरकारची झोंप उडाली, लाखों हातांस काम मिळालें, आणि १९७७ सालीं रोजगार हमीचा कायदा झाला. हा त्या गोंधळाचाच हिशेब आहे. म्हणूनच आमच्या केंद्र सरकारनें २०१७-१८ च्या कुटुंबखर्च पाहणीचे निष्कर्ष ‘सदोष’ म्हणून २०१९ सालीं दडपले, तें आम्हांस धोक्याचें चिन्ह वाटतें. आंकडा लपविण्याची खोड लागली, कीं विरोधकांचें तोंड बंद करण्याची इच्छा फार दूर राहत नाहीं.

दिवाणी कायद्यांत एकतर्फी हुकूमनामाही योग्य कारण दाखवून रद्द करवितां येतो. जेथें वादी, न्यायाधीश आणि बेलिफ एकच पक्ष असतो, तेथें अपील ऐकणारें कोर्ट एकच उरतें. तें भुकेचें, आणि त्याचा निकाल प्रेतें मोजून लागतो. असें कोर्ट आमच्या देशांत बसावें, अशी इच्छा करणारांनीं प्रथम शियाओगांगच्या त्या अठरा जणांस विचारावें.