पोटातली नळी आणि लपवलेले ऑपरेशन

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेची बातमी येते, तेव्हा ती किलोंचीच असते. २०११ साली नितीन गडकरी यांनी ही शस्त्रक्रिया करून घेतली आणि आपल्याकडे पुष्कळांनी तिचे नाव प्रथमच ऐकले. २०१७ साली इजिप्तच्या इमान अहमद यांना मालवाहू विमानाने मुंबईत आणून सैफी रुग्णालयात क्रेनने चढवले, ती छायाचित्रे वाचकांना आठवत असतील. किती वजन होते, किती उतरले, हे आपण आवडीने वाचले. मात्र ऑपरेशननंतर रुग्णाच्या अंगाला कोणत्या नळ्या असतात, त्या कशासाठी असतात आणि घरी आल्यावर त्यांचे काय करायचे, हे कोणी सांगत नाही. बारामती-इंदापूरच्या माणसाला हे कळणे फार गरजेचे आहे. कारण ऑपरेशन बहुधा पुण्यात किंवा मुंबईत होते आणि दोन-चार दिवसांत रुग्ण गावी येतो. पुढची काळजी आपल्यावर पडते.

ही शस्त्रक्रिया दुर्बिणीतून होते. एका प्रकारात जठराचा सुमारे पाऊण हिस्सा कापून काढतात आणि उरलेल्या भागाची कड बारीक पिनांनी बंद करतात. दुसऱ्या प्रकारात जठराची लहानशी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. दोन्हींत एक नवा सांधा तयार होतो. नळ्यांचा बराचसा खटाटोप या सांध्यासाठीच असतो.

हातातल्या सलाइनची सर्वांना सवय आहे. पाणी घोट-घोट पोटात जाऊ लागले की ते बंद होते. हात सुजला, दुखू लागला तर सिस्टरला लगेच सांगावे, एवढेच. लघवीची नळी घातली असेल तर ती बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी काढतात. नाकातून जठरात जाणारी नळी भूल देताना घालतात आणि पुष्कळदा रुग्ण शुद्धीवर येण्याआधीच काढूनही टाकतात. घसा खवखवतो तो या नळ्यांमुळे. एक-दोन दिवसांत तो थांबतो.

राहता राहिली पोटाच्या बाजूने बाहेर येणारी नळी, म्हणजे ड्रेन. नातेवाईक घाबरतात ते हिलाच. 'पोटाला भोक पाडून ठेवलंय' असे म्हणत भेटायला आलेली मंडळी रुग्णाचा धीर आणखी खचवतात. पोटात साचणारे रक्त आणि पाणी बाहेर काढणे आणि आत काही बिघडले तर सूचना देणे, ही तिची कामे. नळीच्या टोकाला पिशवी असते किंवा मुठीत मावेल असा रबरी फुगा असतो. फुगा दाबून बूच लावले की तो आतला स्राव ओढून घेतो. बूच उघडे राहिले तर फुगा फुगलेलाच राहतो आणि ओढ संपते. घरी नेमकी हीच चूक होते. स्राव आधी लालसर, मग गुलाबी, मग पिवळसर पाण्यासारखा होत जातो आणि रोज कमी होतो. तो मोजून वहीत लिहावा : तारीख, वेळ, किती मिलिलिटर, रंग कसा. पिशवी नेहमी पोटाच्या पातळीखाली ठेवावी. नळीला पीळ पडू देऊ नये. स्वारगेटहून बारामतीच्या विनाथांबा गाडीत बसताना ती सीटच्या कडेला अडकत नाही ना, हेही बघावे. शक्यतो त्या दिवशी खासगी गाडीच करावी.

ड्रेन काढताना भूल लागत नाही. एक ओढ बसते, क्षणभर कसेसेच होते आणि झाले. त्या जागेतून एक-दोन दिवस थोडे पाणी झिरपते, त्याला घाबरू नये. घरी कोणी हौशी माणसाने मात्र ती ओढून काढू नये.

काही रुग्णांना ड्रेन ठेवतच नाहीत. मग शेजारच्या खाटेवरच्याला नळी आहे आणि आपल्याला नाही, म्हणून नातेवाईक डॉक्टरांशी भांडतात! नाकातली नळी आणि ड्रेन सरसकट प्रत्येकाला ठेवण्याची गरज नाही, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या 'इरास' या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही म्हटले आहे. नळी नाही म्हणजे हयगय झाली, असे नाही. आणि नळी आहे म्हणून पडूनही राहू नये. ती निसटेल या भीतीने रुग्ण कूस बदलत नाही, तेव्हा पायाच्या शिरांत रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो. पिशवी हातात धरून त्याच संध्याकाळी चार पावले चालायचे असते.

आता खरी गोष्ट. शंभरात एखाद-दोन रुग्णांत तो नवा सांधा गळतो. पुष्कळदा हे घरी आल्यावर, पहिल्या दोन आठवड्यांत लक्षात येते. तोवर ड्रेन काढलेली असते किंवा ती तुंबलेली असते. म्हणून नळी कोरडी आहे याचा अर्थ आत सारे ठीक आहे, असा धरू नका. स्राव हिरवा, गढूळ, दुर्गंधीचा किंवा एकदम लालभडक झाला तर धोका आहेच. पण नळीत काही न दिसताही ताप, वाढत जाणारी पोटदुखी, डाव्या खांद्यात दुखणे, धाप लागणे ही लक्षणे येऊ शकतात. सगळ्यांत आधी बहुधा नाडी धावू लागते. शांत बसून घड्याळावर पूर्ण एक मिनिट मोजा. ती १२० च्या वर राहिली तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीच ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना फोन करा.

अशा वेळी रुग्ण आधी जवळच्या दवाखान्यात जातो आणि तेच बरोबर आहे. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, इंदापुरात उपजिल्हा रुग्णालय आहे. पण तेथे गेल्यावर घरचे काय सांगतात? 'पित्ताचं ऑपरेशन झालंय.' पोटावर चार-पाच बारीक टाके असतात आणि पित्ताशयाच्या ऑपरेशनचेही तसेच दिसतात. डॉक्टरांनी ओळखायचे कसे? मुलीचे लग्न ठरायचे असते, 'खाऊन खाऊन लठ्ठ झाली आणि पैसे देऊन बारीक झाली' असे पाहुण्यांनी म्हणू नये, म्हणून हे लपवले जाते. मला या घरांचा राग येत नाही, कारण बोलणारी तोंडे आपल्याच गल्लीत असतात. पण या लपवाछपवीची किंमत जबर पडू शकते.

उलट्या होणाऱ्या रुग्णाच्या नाकातून नळी घालणे हा नेहमीचा आणि योग्य उपचार आहे. नव्याने जोडलेल्या जठरात मात्र ती न पाहता सरकवली, तर ताज्या सांध्याला भोक पडू शकते. दुसरे, या रुग्णाला बरेच दिवस उलट्या होत असतील तर अंगातले ब-१ जीवनसत्त्व संपलेले असू शकते. ते न देता नुसते ग्लुकोजचे सलाइन चढवले तर मेंदूला इजा होण्याची भीती असते. ऑपरेशनची माहिती असेल तर कोणताही डॉक्टर या दोन्ही गोष्टी टाळू शकतो.

तेव्हा सुट्टी घेताना डिस्चार्ज कार्ड मराठीत लिहून मागा. नुसते 'सगळं ठीक आहे' यावर उठू नका. ऑपरेशन कोणते, ड्रेन ठेवली का, ती केव्हा काढायची, नाकातून नळी घालण्याआधी कोणाला विचारायचे आणि रात्री उचलला जाणारा फोन नंबर, एवढे त्यावर हवे. त्याच्या दोन झेरॉक्स काढा. एक घरात ठेवा आणि एक रुग्णाच्या पाकिटात. पाहुण्यांना काय सांगायचे ते तुमचे तुम्ही ठरवा, डॉक्टरांपुढे मात्र ते कार्ड आधी ठेवा.